चौकटीवरची रेघ



मी पेशानं शिक्षक. आता निवृत्त आहे. नोकरीची सगळी वर्षं दोंडाईच्यात गेली आणि त्या वर्षांत शाळेच्या सहलींचं काम बहुधा माझ्याच गळ्यात पडायचं. तोरणमाळ, अजिंठा, लळिंगचा किल्ला. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर ठरवायची, पालकांची संमतिपत्रं गोळा करायची, प्रथमोपचाराची पेटी घ्यायची. कोणाला गाडी लागते, कोणाला फिट येते, कोण पोहायला धावतो, याची एक वही माझ्याकडे असायची. गाडीत चढताना हजेरी, उतरताना हजेरी. गळ्यात शिट्टी. पन्नास-साठ मुलं नेली आणि तितकीच मोजून परत आणली, असा माझा लौकिक होता.

आणि याच माणसानं स्वतःची दोन मुलं २००४ सालच्या मे महिन्यात मुंबईला एस्सेलवर्ल्ड दाखवायला नेली, तेव्हा काहीएक ठरवलं नाही. त्या सहलीची गोष्ट आज सांगणार आहे.

त्या काळात एस्सेलवर्ल्डची जाहिरात टीव्हीवर सारखी लागायची. मुंबईत बोरिवलीच्या पलीकडे, गोराईच्या खाडीपल्याड १९८९ साली सुरू झालेलं हे उद्यान. दिल्लीत १९८४ साली अप्पूघर निघालं होतं. त्यानंतर आपल्याकडे ज्याचं नाव घरोघरी गेलं ते हेच. जाहिरातीतला मुलगा घरी जायलाच तयार नसायचा. आमचा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. ती जाहिरात लागली की तो जेवण सोडून टीव्हीपुढे उभा राहायचा. थोरली अकरा वर्षांची. ती काही बोलायची नाही, पण वर्गातली एक मुलगी जाऊन आल्याचं तिनं दोन-तीनदा ऐकवलं होतं. मी वर्षभर म्हणत राहिलो, "जाऊ, सुट्टीत जाऊ. त्या उंच गाडीत बसू." उंच गाडी म्हणजे रोलर कोस्टर. हे वचन मी धाकट्याला दिलं होतं, हे लक्षात ठेवा.

आपण खानदेशची माणसं जत्रेला सरावलेली. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. दोंडाईच्याहून निघायला काही ठरवावं लागत नाही. मनात आलं की निघायचं. दुपारी गेलं तरी यात्रा आहे, रात्री गेलं तरी आहे. पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी द्यायचे. नाही बसायचं तर नुसतं बघायचं. भूक लागली तर घरची भाकरी सोडायची, कुठंही बसायचं. पोरगं लहान असेल तर बाप त्याला मांडीत घेऊन पाळण्यात बसतो, कोणी अडवत नाही. मी एस्सेलवर्ल्डला निघालो तो हीच सवय बरोबर घेऊन.

निघताना माय, म्हणजे माझी आई, ओट्यावर उभी होती. म्हणाली, "पोरे शेतस संगे, भाकरी लई जा." मी म्हटलं, "माय, तिथे सगळं मिळतं." बायको म्हणाली, "अहो, परतीचं रिझर्वेशन?" मी म्हटलं, "बघू." त्या चार दिवसांत हा 'बघू' माझ्या तोंडी किती वेळा आला असेल, याची मोजदाद नाही.

आमची ताप्ती लाइन सुरतेला जाऊन मिळते. सुरतेत, उधन्यात, लिंबायतमध्ये अर्धा खानदेश नांदतो. माझी धाकटी बहीणही तिथेच. तिच्याकडे रात्रीचा मुक्काम आणि पहाटेची फ्लाइंग राणी पकडून बोरिवलीला उतरायचं, एवढाच काय तो विचार मी केला होता. विचार वाईट नव्हता. फ्लाइंग राणीला तेव्हा दुमजली डबे असायचे. १९७९ साली लागलेले ते डबे २०२३ पर्यंत होते. मुलांना वरच्या मजल्यावर बसायचं होतं. पण बहिणीकडे गेल्यावर रात्री एकपर्यंत गप्पा झाल्या. सकाळी तिनं चहाशिवाय सोडलं नाही, मग चहाबरोबर पोहे आले, मग भाचाही येतो म्हणाला. फ्लाइंग राणी गेली. पुढच्या गाडीला साध्या डब्यात दाटीवाटीनं उभं राहून आम्ही बोरिवलीला पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. वार रविवार. महिना मे. शाळांना सुट्ट्या. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं, ते मला खाडीच्या धक्क्यावर कळलं. होडीसाठीच रांग होती.

आत पाऊल टाकलं तेव्हा एक वाजून गेला होता. तिकीट दिवसभराचं होतं. अर्धा दिवस आम्ही पोह्यांत घालवला होता. यात उद्यानवाल्यांचा काही दोष नाही. दुकान सकाळीच उघडलं होतं, गिऱ्हाईक उशिरा आलं.

पुढे जाण्याआधी रांगेचं गणित सांगतो. त्या दिवशी रांगेत उभं राहून मी ते मनातल्या मनात सोडवलं होतं, आणि नंतर सातवीच्या वर्गाला उदाहरण म्हणून घालत आलो. समजा, एका खेळात चोवीस जण बसतात. लोक चढायचे, पट्टे तपासायचे, फेरी व्हायची, लोक उतरायचे, या सगळ्याला मिळून चार मिनिटं लागतात. म्हणजे तासाला पंधरा फेऱ्या आणि तीनशे साठ माणसं. तुमच्यापुढे सातशे वीस जण असतील तर दोन तास उभं राहा. आरडाओरडा करून ती फेरी चार मिनिटांची तीन मिनिटांवर येत नाही. जत्रेतला पाळणेवाला गर्दी पाहून फेरी आखडती घेतो. इथलं यंत्र घेत नाही. म्हणून अशा ठिकाणी दिवसाचे सगळे तास सारखे नसतात. दार उघडल्यानंतरचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास सोन्याचा. दुपार फक्त उभं राहण्यासाठी. आम्ही बरोबर दुपारीच पोहोचलो होतो.

तरी मुलं आनंदात होती. एक साधा गोल फिरणारा खेळ झाला, एक पाण्याचा झाला. मग धाकट्यानं माझा हात ओढला. समोर ती उंच गाडी. आम्ही रांगेत लागलो. दीड तास उभे होतो. ऊन वरून आणि फरशीतूनही. धाकटा एकदाही कुरकुरला नाही. वर जाणारी प्रत्येक गाडी तो बोटावर मोजत होता. "पप्पा, अजून सहा गाड्या." "पप्पा, आता चार."

रांगेच्या तोंडाशी एक पट्टी होती. उंची मोजायची. तिथल्या मुलानं धाकट्याला पट्टीपाशी उभं केलं आणि मान हलवली. चार बोटं कमी. मी म्हटलं, "मी मांडीत घेतो." तो मुलगा हसला नाही की रागावलाही नाही. म्हणाला, "सर, नियम आहे." मी शिक्षक असल्याचं सांगितलं. दोंडाईच्याहून आल्याचं सांगितलं. काय काय सांगितलं, आज आठवलं की लाज वाटते.

तो नियम का असतो, हे मी नंतर समजून घेतलं. रोलर कोस्टरची गाडी साखळीनं चढावर ओढून नेतात आणि पुढे ती स्वतःच्या वजनानं धावते. शिखर ओलांडून खाली येताना अंग बसल्या जागेवरून उचललं जातं. त्या क्षणी माणसाला धरून ठेवतो तो मांडीवरचा किंवा खांद्यावरचा दांडा. तो दांडा एका ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. अंग त्याहून लहान असेल तर ते दांड्याखालून निसटू शकतं. आणि बापाच्या मांडीत बसलेल्या मुलाला दांडा धरतच नाही, बापाचे हात धरतात. अशा वेगात हातांचा भरवसा नाही. म्हणजे तो मुलगा माझ्या पोराचा जीव सांभाळत होता आणि मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो.

मागचे लोक ओरडू लागले. थोरली आणि भाचा यांची उंची भरत होती. थोरली म्हणाली, "पप्पा, मी पण नाही बसत." मी तिला जबरदस्तीनं बसवलं. दीड तासाचं काहीतरी वसूल व्हावं, एवढाच माझा विचार. ती वर गेली आणि धाकटा खाली माझ्या हाताला धरून बघत राहिला. तो मोठ्यानं रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा बूथ होता. दोन मिनिटांच्या फोनवर सगळं कळलं असतं. शाळेच्या सहलीला नेताना मी परक्याच्या मुलाला बस लागते की नाही हे वहीत लिहून घ्यायचो आणि स्वतःच्या मुलाची उंची मी मोजली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो. उपाहारगृहात खाणं मिळत होतं, पण पाच तोंडांचा हिशेब करताना माझा हात खिशात घुटमळला, आणि मायची भाकरी आठवली. परतीचं रिझर्वेशन नव्हतंच. रात्र बोरिवलीच्या फलाटावर वर्तमानपत्र अंथरून काढली. बायको त्या रात्री एकच वाक्य बोलली. "शाळेची पोरं असती तर असं नेलं असतं का?"

उत्तर नव्हतं, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. परक्याच्या मुलांचा जाब विचारायला मुख्याध्यापक होते, पालक होते. आपली मुलं काय, आपलीच. ती समजून घेतात. हे समजून घेणं आपण किती गृहीत धरतो!

दुसऱ्या दिवशी बहिणीकडे विसावलो, भाच्याला तिच्या हवाली केलं आणि ताप्ती लाइनच्या पॅसेंजरनं घरी निघालो. तेव्हा हा मार्ग एकेरी होता. समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात थांबून राहावं लागे. आता तो दुपदरी झाला आहे. नवापूरला गाडी अशीच थांबली. नवापूरचं स्टेशन तुम्हाला ठाऊक असेल. १९६० साली १ मेला दोन राज्यं वेगळी झाली आणि सीमेची रेघ नेमकी या स्टेशनातून गेली. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. आता तर तिथल्या दोन राज्यांतल्या बाकाचे फोटो लोक हौसेनं काढतात. मी मुलांना खाली उतरवलं आणि ही गंमत सांगितली. दोघं एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहिली. इकडून तिकडे उड्या मारायला लागली. दोन दिवसांत धाकटा पहिल्यांदा खळखळून हसला. मग एकदम थांबून त्यानं विचारलं, "पप्पा, इथं उंची मोजत नाहीत ना?"

घरी आल्यावर त्यानं एक काम केलं. मायला सांगून पेन्सिल मागितली आणि मधल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. आजीनं त्याच्या डोक्यावर रेघ मारली. मग त्या रेघेच्या वर त्यानं स्वतः चार बोटं मोजली आणि स्टुलावर चढून दुसरी रेघ मारली. इथपर्यंत आलो की जायचं. मी म्हटलं, "नक्की. या वेळी सगळं ठरवून."

दर महिन्याला तो चौकटीला पाठ लावायचा. तिसरीत गेला तेव्हा त्यानं रेघ गाठली. मला हाक मारून दाखवली. त्या वर्षी घराचं पत्र्याचं छत बदलायचं होतं. म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी माय आजारी पडली. त्यापुढच्या वर्षी थोरलीची दहावी. कारणं सगळी खरी होती. मग एक दिवस लक्षात आलं, रेघ त्याच्या खांद्याखाली गेली आहे आणि तो आता चौकटीपाशी उभा राहत नाही. क्रिकेट खेळायला जातो.

तो शिकला, पुण्यात नोकरीला लागला. कोरोनाच्या साथीनंतर एस्सेलवर्ल्डचे खेळ बंद पडल्याची बातमी त्यानं वाचली, तेव्हा त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि शेवटी म्हणाला, "पप्पा, आपलं राहूनच गेलं." तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

श्रोतेहो, सहल आखणं म्हणजे वेळापत्रक करणं, असं मीही समजायचो. किती वाजता निघायचं, किती वाजता जेवायचं. ते हवंच. पण बरोबर जी माणसं येणार आहेत, त्यांच्यातल्या सगळ्यांत लहान, सगळ्यांत थकलेल्या माणसाच्या जागी आधी उभं राहून बघणं हे त्याहून आधी येतं. त्याला कुठं अडवलं जाईल, कुठं भूक लागेल, कुठं तो रडेल. आणि जे जमणार नाही ते त्याला घरीच, मायेनं, आधी सांगून टाकणं.

नुसती आखणी केली म्हणजे सगळं सुरळीत होतं, असंही नाही. वॉल्ट डिस्नेचंच उदाहरण घ्या. आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसच्या एका बागेत गोल घोड्यांवर बसवायचं आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसायचं, यातून मुलांनी आणि आईबापांनी मिळून खेळावं अशा जागेची कल्पना सुचली, असं तो सांगायचा. पुढे कित्येक वर्षं खपून त्यानं डिस्नेलँड उभं केलं. १७ जुलै १९५५ रोजी, रविवारीच, ते उघडलं आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. खोट्या प्रवेशपत्रिका घेऊन हजारो लोक घुसले. ताजं डांबर उन्हात मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळजोडणी करणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं यांपैकी एकच वेळेत पुरं होणार होतं. डिस्नेनं स्वच्छतागृहं निवडली. लोकांनी पाण्यासाठी शिव्या घातल्या. पण काय सोडायचं आणि काय नाही, हे त्यानं आधी ठरवलं होतं. मी मात्र बोरिवलीच्या रांगेत उभा राहून ठरवत होतो, आणि तेही चुकीचं.

गेल्या उन्हाळ्यात थोरलीची मुलगी, आमची नात, दोंडाईच्याला आली होती. तिला खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं होतं. २०१३ साली सुरू झालेलं हे मोठं उद्यान, मुंबई-पुणे रस्त्यावरचं. या वेळी मी जुनी सहलीची वही काढली. कोणत्या खेळाला किती उंची लागते, हे आता घरबसल्या मोबाइलवर दिसतं. ते लिहून काढलं. रविवार टाळला. खोपोलीत आदल्या रात्रीचा मुक्काम ठरवला, म्हणजे सकाळी दार उघडताना आपण दारात. परतीची तिकिटं आधी. खाण्याचे पैसे वेगळ्या पाकिटात. आणि हरवलं तर कुठं भेटायचं ती खूण आत शिरल्या शिरल्या सगळ्यांना दाखवायची.

मग नातीला त्याच चौकटीपाशी उभं केलं. मोठ्या खेळांना ती कमी पडत होती. तिला तिथेच सांगितलं. यात बसता येणार नाही, यात बसता येईल, यात आईबरोबर बसता येईल. ती रडली. चांगली दहा मिनिटं रडली, आजीच्या पदरात. मग डोळे पुसून वही मागितली आणि ज्या खेळांत बसता येणार होतं त्यांच्यापुढे स्वतः फुल्या केल्या. त्या दिवशी मोठ्या रोलर कोस्टरपुढून जाताना ती थांबलीदेखील नाही. शेजारून चाललेल्या एका अनोळखी बाईंना तिनं सांगून टाकलं, "मी यात नंतर बसणार आहे."

धाकटाही पुण्याहून आला होता. तो त्या गाडीपुढे मात्र थांबला. मला म्हणाला, "पप्पा, चला. आपलं राहिलंय." मी दारावरचा फलक वाचला. रक्तदाबाच्या माणसांनी बसू नये, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. माझी गोळी सकाळीच झाली होती. वहीत सगळ्यांची नोंद केली होती, माझीच राहिली होती. मी मान हलवली. तो एकटा गेला. वर पोहोचल्यावर त्यानं हात वर केला, तो मला दिसला.

मी खाली बाकावर नातीजवळ बसलो. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "आजोबा, तुमची पण उंची कमी आहे?"

मी म्हटलं, "हो बाळा. थोडी कमी पडली."

येत्या सुट्टीत कुठं निघणार असाल तर आज घरी गेल्यावर मुलांना चौकटीपाशी उभं करा. पेन्सिल लागेल, बाकी काही नाही.